पुस्तकं बाईंकडे, पोरं सरांकडे

शाळेतल्या वाचनप्रकल्पाबद्दल आपल्याकडे एक मत इतकं रुळलंय की ते मत आहे हेच कोणाच्या लक्षात येत नाही. मत असं: वाचायला लावणं हे भाषेच्या शिक्षकाचं काम, पुस्तक काढून देणं आणि परत आलेलं कपाटात लावणं हे ग्रंथपालाचं. एकाने दुसऱ्याच्या कामात लुडबुड करू नये. सरांनी प्रकल्प द्यावा, फळ्यावर पुस्तकाचं नाव लिहावं, पोरांनी लायब्ररीत जावं, बाईंनी पुस्तक द्यावं, पोरांनी वही भरावी, सरांनी गुण द्यावेत. साखळी सुटसुटीत आहे. तिच्यात सर आणि बाई एकमेकांशी कुठेच बोलत नाहीत, एवढंच.

या मताचं खंडन एखाद्या ग्रंथपालाने केलं तर लोक म्हणतील, पदाचं महत्त्व वाढवायला निघाले. म्हणून आधीच सांगतो, मी ग्रंथपाल नव्हे. माणदेशाच्या कडेला एका माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवत होतो आणि नोकरीची निम्म्याहून जास्त वर्षं याच मताचा होतो. स्टाफरूममध्ये ते ठासून मांडतही होतो. तेव्हा पूर्वपक्ष माझाच आहे, तो मुद्दाम लेचापेचा करून मांडायची मला गरज नाही.

माझ्या मताला पहिला तडा गेला तो एका नोंदवहीमुळे. नववीला मी दिवाळीच्या सुटीआधी 'बनगरवाडी' वाचून परीक्षण लिहायला सांगितलं होतं. व्यंकटेश माडगूळकर आमच्याच मुलखातले. त्यांच्या कादंबरीतली भाषा आमच्या पोरांना समजावून सांगावी लागत नाही. ४८ मुलं, ४८ वह्या. लाल पेनाने बरोबरच्या खुणा करत मी सुटलो होतो. अकराव्या की बाराव्या वहीत 'विदारक' हा शब्द दिसला आणि हात थांबला. हा शब्द मी आज आधीही पाहिला होता. मागच्या वह्या काढल्या. चौथीत होता, सातवीत होता, नवव्या वहीत तर त्याच वाक्यासकट होता. नववीतलं पोरगं स्वतःच्या मनाने 'विदारक' म्हणत नाही. कुठल्या तरी मार्गदर्शकातून एकाने उतरवलं आणि बाकीच्यांनी त्याच्यावरून.

तक्रार घेऊन मी जिन्याखालच्या खोलीत गेलो. लायब्ररी तिथेच. म्हटलं, "बाई, पोरं पुस्तक न वाचताच लिहितायत." बाई काही बोलल्या नाहीत. देवघेव नोंदवही काढली, पान उलटलं आणि बोट ठेवलं. शाळेत 'बनगरवाडी'च्या प्रती दोन. त्या महिन्यात पुस्तक तीनदा बाहेर गेलेलं. मग त्यांनी एकच विचारलं, "सर, दोन प्रतींत अठ्ठेचाळीस पोरांनी महिन्याभरात वाचायचं कसं होतं?"

पोरं खोटं वागली हे खरं. पण तसं वागायला मीच त्यांना गणिताने भाग पाडलं होतं. फळ्यावर नाव लिहिण्याआधी जिना उतरून विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. मी विचारलं नव्हतं, कारण विचारायची पद्धत नव्हती.

ही पद्धत नसणं आजचं नाही. १९५२–५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने, म्हणजे डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या आयोगाने, देशातल्या शाळांची ग्रंथालयं पाहून अहवालात जे नोंदवलंय ते वाचताना आपल्याच शाळेची तपासणी झाल्यासारखं वाटतं. बहुतेक शाळांत ग्रंथालय म्हणावं असं काही नाही. पुस्तकं जुनी आणि मुलांच्या आवडीशी न जुळणारी. ती अपुऱ्या, रुक्ष खोलीत. आणि राखणीला एखादा कारकून, नाहीतर इतर तास सांभाळून हे काम ओढणारा शिक्षक, ज्याला ना पुस्तकांची ओढ ना ग्रंथालयशास्त्राची माहिती. आयोगाने प्रशिक्षित ग्रंथपाल मागितला, वर्गग्रंथालयं मागितली, विषयवार ग्रंथालयं मागितली. सत्तर वर्षांत काही शाळांतल्या कपाटांना काचा आल्या, हे मान्य करायला हवं.

आमच्या राज्यात या मताला कागदाचा टेकूही आहे. अनुदानित खाजगी शाळेतला ग्रंथपाल सेवानियमांच्या हिशोबात शिक्षकेतर कर्मचारी. लिपिक आणि प्रयोगशाळा सहायक यांच्या रांगेतला. पट भरत नसेल तर अर्धवेळ. ही वर्गवारी वेतन आणि पदमान्यतेसाठी केलेली आहे, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण ती हळूहळू खुर्च्यांची जागाही ठरवू लागते. आमच्या बाईंना पगारपत्रकावर सही करायला बोलावणं यायचं, वार्षिक नियोजनाच्या बैठकीला यायचं नाही. नियोजन शिक्षकांचं, त्या शिक्षकेतर. वेतनश्रेणीवरून ज्ञानाची श्रेणी ठरवणं हा पूर्वपक्षाचा पहिला हेत्वाभास. शिपाई, लिपिक, ग्रंथपाल हे शिकवत नाहीत, म्हणून शिकण्याशी त्यांचा संबंध नाही, असं हे अनुमान चालतं. शिपायाबद्दल ते कितपत खरं आहे याचीही मला शंका आहे, पण तो विषय वेगळा.

गंमत म्हणजे ज्या माणसाने आपल्या देशात ग्रंथालयशास्त्राचा पाया घातला तो मुळात गणिताचा शिक्षक. एस. आर. रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले ते प्रेसिडेन्सी कॉलेजातलं शिकवणं सोडून, आणि सुरुवातीला ते त्या शांत खोलीत इतके कंटाळले की परत वर्गावर जायला निघाले होते. इंग्लंडला जाऊन तिथली ग्रंथालयं पाहून आल्यावर त्यांचं मन बदललं. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रं मांडली त्यातली दोन माझ्यासारख्या शिक्षकाने भिंतीवर लावावीत अशी आहेत: एका सूत्रात वाचकाला त्याचं पुस्तक मिळवून द्यायचं आहे, दुसऱ्यात पुस्तकाला त्याचा वाचक. पहिल्यासाठी पोरगं ओळखीचं हवं, दुसऱ्यासाठी कपाट. शाळेत पोरगं मला ओळखीचं असतं आणि कपाट बाईंना. ही सूत्रं एकट्याने पाळायची म्हटलं तर दोघांपैकी कोणालाच जमणार नाहीत.

इथे पूर्वपक्षाचा जाणता समर्थक म्हणेल, ठीक आहे, पुस्तकाचं नाव सांगा, बाई काढून देतील. त्यासाठी एकत्र बसायची काय गरज? या प्रश्नाचं उत्तर मला पुढच्या जूनमध्ये मिळालं.

हट्टाने मी पुन्हा 'बनगरवाडी'च द्यायचं ठरवलं होतं. या वेळी मात्र आधी जिना उतरलो. बाई म्हणाल्या, "पुस्तक राहू द्या. पोरांकडून तुम्हाला काय हवंय ते सांगा." मला पटकन सांगता येईना. वीस वर्षं परीक्षणं लिहून घेत होतो, पण कशासाठी, हे कोणी विचारलं नव्हतं. शेवटी म्हटलं, कादंबरीच्या अखेरीला दुष्काळाने वाडी उठते, ते त्यांना कळायला हवं. बाई म्हणाल्या, "दुष्काळ ना? मग एकाच पुस्तकाला कशाला धरून बसलाय?"

चार दिवसांनी त्यांनी यादी दिली. नोंदी ३१. मी ज्याला एक विषय समजत होतो तो दुष्काळ त्या जिन्याखालच्या खोलीत सहा ठिकाणी विखुरलेला होता. कादंबरी ८९१.४६३ च्या कप्प्यात. पाऊस आणि हवामान ५५१ मध्ये. शेती ६३० मध्ये, मेंढरं ६३६ मध्ये. इतिहास ९५४ मध्ये. मजुरी आणि रोजगार ३३१ मध्ये. मेल्विल ड्यूईने १८७६ साली दशांश वर्गीकरण छापलं तेव्हा त्याला हीच अडचण दिसली होती: पुस्तकं शास्त्रांप्रमाणे मांडली की विषयाचे तुकडे होतात. त्यावर त्याने मागे एक सापेक्ष सूची जोडली, जिच्यात एका शब्दापुढे त्याच्या सगळ्या विखुरलेल्या जागा एकत्र सापडतात. (त्याच १८७६ साली आपल्या दख्खनेत दोन वर्षं चाललेला मोठा दुष्काळ सुरू झाला होता. तेव्हाच्या इंग्रजी जिल्हा गॅझेटिअरांत तो शोधायला जाल तर शेतीच्या प्रकरणात सापडतो.)

शाळेत आम्ही शिक्षक म्हणजे ते कप्पे. मी ८९१ मध्ये राहतो, भूगोलाचे सर ५५१ मध्ये, इतिहासाच्या बाई ९५४ मध्ये. तास संपल्याची घंटा होते आणि कप्प्याचं दार बंद होतं. सापेक्ष सूचीचं काम करणारी व्यक्ती शाळेत एकच असते, आणि तिला आपण पुस्तकं झटकायला ठेवलंय. पूर्वपक्ष म्हणतो, ग्रंथपालाला विषयाचं ज्ञान नसतं. मराठी मला बाईंपेक्षा जास्त येतं, यात वाद नाही. पण दुष्काळाचा मागोवा किती वाटांनी जातो हे ज्ञान मला नव्हतं, भूगोलाच्या सरांना नव्हतं, आणि आम्ही दोघं मिळूनही ते झालं नसतं.

त्या यादीत फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' होता, विश्वकोशाचे खंड होते, 'किशोर'चे जुने अंक होते, रोजगार हमी योजनेवरची एक पुस्तिका होती. राज्याच्या गॅझेटिअर विभागाने संकेतस्थळावर ठेवलेल्या जुन्या सातारा गॅझेटिअरची आठ-दहा पानं बाईंनी छापून आणली होती. भूगोलाच्या सरांना आम्ही दोघांनी ओढलं. वर्गाचे आठ गट केले आणि प्रत्येक गटाला पुस्तकाऐवजी प्रश्न दिला. बाहत्तरच्या दुष्काळात आपल्या घरातलं कोण खडी फोडायला गेलं होतं? काम कोणी काढलं, मजुरी काय मिळाली? त्याआधीच्या, शंभर वर्षांपूर्वीच्या दुष्काळात सरकारने काय केलं होतं? मेंढरं कुठे नेली? 'बनगरवाडी' दोन गटांना दिली. प्रती दोनच होत्या.

आठवड्यातले दोन तास लायब्ररीत, दोघंही हजर. पहिल्या तासाला मी गप्प बसलो आणि बाईंनी पुस्तकाच्या शेवटची सूची कशी वापरायची ते शिकवलं. नववीतल्या पोरांना अनुक्रमणिका आणि सूची यांतला फरक माहीत नव्हता. त्यांना तो कोणी शिकवायचा होता? मराठीच्या शिक्षकाने, असं पूर्वपक्ष म्हणतो. मराठीचा शिक्षक मी. मी तो कधी शिकवला नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात एक मुलगी घरून 'मिलो' हा शब्द घेऊन आली. आजीने सांगितलेला. बाहत्तर-त्र्याहत्तरला रेशनवर मिळालेली ती परदेशी तांबडी ज्वारी. तिच्या भाकरीची चव त्या पिढीतली माणसं अजून तोंड वाकडं करून सांगतात. मला शब्द ऐकून माहीत होता, पण पुस्तकात कुठे सापडेल ते सांगता येईना. बाई तिला शेतीच्या कपाटाकडे घेऊन गेल्याच नाहीत. एका कोपऱ्यात आधीच्या ग्रंथपालांनी करून ठेवलेल्या वर्तमानपत्री कात्रणांच्या फायली होत्या, तिथे नेलं. अर्ध्या तासाने मुलगी पिवळं पडलेलं कात्रण घेऊन आली. त्यात 'मिलो' होता आणि दुष्काळी कामावर वाटलेली 'सुकडी'ही होती.

आणि एक मुलगा. माझ्या लेखी न वाचणारा. मराठीच्या तासाला खिडकीबाहेर बघणारा. बाईंनी मला त्याचं पान दाखवलं. मेंढीपालनावरचं एक पातळ पुस्तक त्याने वर्षभरात चार वेळा नेलं होतं. घरी मेंढरं होती. तो वाचत होता, फक्त मी जे देत होतो ते वाचत नव्हता. त्याला आम्ही मेंढरांच्या प्रश्नाच्या गटात घातलं. यापुढे चमत्कार झाला असं सांगायचा मोह होतो, पण झाला नाही. त्याने दीड पान लिहिलं, शुद्धलेखनाच्या चुका भरपूर, आणि मी त्याला २० पैकी १२ गुण दिले. पण ते दीड पान त्याचं होतं. 'विदारक' त्यात नव्हतं.

शिक्षक पोराला वर्गात पाहतो, म्हणून त्याला पोराचं वाचन माहीत असतं, हे पूर्वपक्षाचं गृहीतक त्या एका पानाने निकालात काढलं. देवघेव नोंदवही ही शैक्षणिक नोंद आहे. २०१० पासून आपण सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या नावाने रकाने भरतोय, वर्णनात्मक नोंदींत 'वाचनाची आवड आहे' असं लिहितोय, आणि ज्या वहीत आवडीचा तारखांसकट पुरावा आहे ती उघडत नाही.

आता दुसरा आक्षेप. हा मला जास्त गंभीर वाटतो, कारण तो पुस्तकांवर प्रेम करणाऱ्यांकडून येतो. ते म्हणतात, लायब्ररी ही शाळेतली एकमेव मोकळी जागा. तिथेही शिक्षक प्रश्न आणि गुण घेऊन शिरला की वाचनातला आनंद संपला. वाचन हे चोरून, लोळून, मनाला येईल तसं व्हायला हवं. फास्टर फेणेवर प्रकल्प लिहायला लावलात तर त्या पोराला फास्टर फेणे पुन्हा आवडेल का?

नाही आवडणार. हे मी बिनशर्त मान्य करतो. दरवर्षी १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो आणि त्या दिवशी अनेक शाळांत जे चालतं ते पाहून प्रेरणा कशी येते हे मला कळलेलं नाही. सगळ्यांनी मांडी घालून एकाच वेळी पुस्तक उघडायचं, फोटो काढायचा, फोटो वर पाठवायचा. मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून परिचय लिहायचा. पण जरा बघा, हा आनंद मारला कोणी? एकट्या शिक्षकाने, एकट्याने दिलेल्या कामाने. प्रती मोजायला, पर्याय सुचवायला, 'सर, हे पुस्तक राहू द्या, ते घरी नेऊन वाचू दे' असं म्हणायला तिथे दुसरं माणूस नव्हतं. आमच्या दुष्काळाच्या यादीतून बाईंनी दोन पुस्तकं मला न विचारता काढून टाकली होती. विचारल्यावर म्हणाल्या, "ही पोरं आपणहून नेतात. त्यांना प्रकल्पात नका घालू." आनंदाची राखण त्या करत होत्या, मला तर ती दोन पुस्तकं आवडीची आहेत हेच माहीत नव्हतं.

मोकळ्या वाचनाचे जगभरातले खंदे पुरस्कर्ते स्टीफन क्रॅशन, ज्यांचं 'द पॉवर ऑफ रीडिंग' १९९३ मध्ये आलं, तेही शाळेतल्या ग्रंथालयासाठी आणि ग्रंथपालासाठी तितक्याच हिरिरीने भांडत आलेत. यात विसंगती नाही. पोराने मनाला येईल ते वाचावं म्हणायचं, तर मनाला येण्याजोगं काहीतरी त्याच्या हाताच्या अंतरावर हवं आणि ते तिथे आहे हे त्याला कळायला हवं. ज्या घरात पुस्तकांचं कपाट आहे त्या घरातल्या पोराला आपोआप कळतं. आमच्या पोरांच्या घरी पंचांग आणि पाठ्यपुस्तकं. त्यांना 'तुला हवं ते घे' म्हणून कुलूपबंद कपाटापुढे उभं करणं, याला स्वातंत्र्य म्हणता येत नाही.

वेळ नाही, हा आक्षेप मी लवकर उरकतो. लायब्ररीचा तास बऱ्याच शाळांच्या वेळापत्रकात आहे. तो ऑफ तास म्हणून, नाहीतर राहिलेला गणिताचा घटक संपवायला वापरला जातो. वेळ आहे, दुसऱ्याला दिलेला आहे.

'आमच्याकडे सहकार्य आहेच की, मागितलं की पुस्तक मिळतं', हेही वरचेवर ऐकतो. हे दुकानातलं सहकार्य. अमेरिकेत पॅट्रिशिया माँटिएल-ओव्हरॉल यांनी २००५ मध्ये शिक्षक-ग्रंथपाल सहकार्याच्या पायऱ्या मांडल्या, त्यात वेळा जुळवून घेणं आणि मदत करणं या खालच्या पायऱ्या. दोघांनी मिळून नियोजन करणं, मिळून शिकवणं, मिळून तपासणं ही वरची. वरच्या पायरीवर काय मिळतं याचे आकडेही तिकडे आहेत. कीथ करी लान्स यांनी कॉलोराडोत १९९३ मध्ये आणि पुन्हा २००० मध्ये केलेल्या अभ्यासांत चांगल्या ग्रंथालयाचा आणि चाचणीतल्या गुणांचा संबंध दिसला; दुसऱ्या अभ्यासात ग्रंथपाल शिक्षकांबरोबर काम करतो का, याचाही. हे आकडे मी फार ताणणार नाही. संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं होत नाही, आणि तिथल्या शाळेतला ग्रंथपाल बहुधा शिक्षकाचंही प्रमाणपत्र घेऊन आलेला असतो. माझा भर आमच्या नोंदवहीवर आहे.

उरला सर्वांत बळकट आक्षेप: अहो, ग्रंथपाल आहे कुठे? कोणाशी सहकार्य करायचं?

या आक्षेपापुढे मी मान खाली घालतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सर्व विषयांची आणि गोष्टींची पुस्तकं हवीत, असं म्हटलंय. त्याच अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक आहेत. ग्रंथपाल नाही. समग्र शिक्षा अभियानात शाळेच्या स्तराप्रमाणे वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये ग्रंथालय अनुदान ठरलंय; ते पुस्तकांसाठी. म्हणजे पुस्तकं येणार, पण कोणत्या पोराला कोणतं द्यायचं हे जाणणारं माणूस येणार नाही. कायदा करणाऱ्यांनी हे वाईट बुद्धीने केलं असं मी म्हणत नाही. त्यांच्याही मनात तेच मत होतं ज्याचं मी खंडन करतोय: पुस्तकं ठेवली की ग्रंथालय झालं. तेव्हा ग्रंथपाल नसणं हा या मताच्या बाजूचा पुरावा होऊ शकत नाही. ते या मताचं फळ आहे. फळ दाखवून झाडाचं समर्थन करता येत नाही.

पण पोरं कायदा बदलायची वाट बघत थांबत नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेत ग्रंथालयाचा चार्ज एखाद्या गुरुजींकडे असतो. मग दोन गुरुजींनी बसावं. आणि गावात सार्वजनिक वाचनालय असेल, १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणारं, अ, ब, क, ड यांपैकी कुठल्याही वर्गातलं, तर तिथला ग्रंथपाल दुपारी बहुतेक वेळा वर्तमानपत्रांच्या घड्या घालत बसलेला असतो. शाळेतून एक शिक्षक त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, 'आम्ही पुढच्या महिन्यात पाण्यावर काम करतोय, तुमच्याकडे काय आहे?' तर तो माणूस काय काय काढून देईल, हे मी पाहिलंय.

ग्रंथपालांनाही दोन शब्द ऐकवायला हवेत, नाहीतर हे खंडन एकतर्फी होईल. कुलूप त्यांनीच लावलेलं असतं. पुस्तक हरवलं तर जबाबदारी माझ्यावर, ही भीती खोटी नाही. निवृत्तीच्या वेळी दाखल नोंदवही आणि कपाट यांचा मेळ बसत नाही म्हणून हवालदिल झालेली माणसं मी पाहिलीत. पण केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतसुद्धा दिल्या-वाचल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे वर्षाला पाच गहाळ होणं स्वाभाविक धरलंय, अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर. तो नियम आमच्या शाळांना थेट लागू नाही, पण दिल्लीच्या वित्त खात्यालाही जे समजतं ते संस्थाचालकांना समजावून सांगता येईल. आमच्या दुष्काळाच्या प्रकल्पात दोन पुस्तकं गेली. एक पावसात भिजलं, एक आलंच नाही. मुख्याध्यापकांकडे दोघं मिळून गेलो. एकट्या बाई गेल्या असत्या तर बोलणी खाऊन आल्या असत्या.

पुढच्या वर्षीचा आमचा प्रकल्प फसला, हेही सांगून टाकतो. विषय होता आठवडी बाजार. यादी झाली, गट झाले, पण पुस्तकं लागायची त्याच आठवड्यात घटक चाचणी आली आणि दोन्ही तास गेले. नंतर कोणालाच त्यात रस उरला नाही, मलाही. चूक सरळ होती. आम्ही विषय मिळून ठरवला, पण तारखा मी एकट्याने धरल्या होत्या आणि परीक्षेचं वेळापत्रक बाईंपर्यंत आलंच नव्हतं. शिक्षकेतरांना ते देत नसत.

मुख्याध्यापकांना माझी विनंती एवढीच आहे. येत्या जूनमध्ये वेळापत्रक लावायला बसाल तेव्हा आठवड्यातला एक तास असा काढा की त्या तासाला भाषेचा एक शिक्षक आणि ग्रंथपाल, किंवा ग्रंथालयाचा चार्ज असलेले गुरुजी, दोघंही मोकळे असतील. त्या तासाला ऑफ तास लावू नका. आणि नियोजनाच्या बैठकीची नोटीस फिरवाल तेव्हा ती जिन्याखालच्या खोलीतही पाठवा.

त्याला मंजुरी लागत नाही.